क्री वाचन-लेखनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम: कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२५, ओटावा

पहिली बैठक झाली, ऑनलाइनच. चिसासिबीहून दोन शिक्षिका, मॉन्ट्रियलहून एक भाषा-अभ्यासक आणि इथून मी. तांत्रिक बाजू माझ्याकडे: मूडलवर (ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर) धडे बसवायचे, सराव तयार करायचे, फॉन्ट आणि आवाजाच्या फायली सांभाळायच्या. मला क्री, म्हणजे कॅनडातल्या मूलनिवासी क्री लोकांची भाषा, येत नाही हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. थोरल्या बाई म्हणाल्या, "बरं झालं, म्हणजे तू मध्ये बोलणार नाहीस."

चिसासिबी म्हणजे क्यूबेकमध्ये जेम्स उपसागराच्या पूर्वेला, ला ग्रांद नदीच्या काठचं गाव. ही माणसं आधी नदीच्या मुखाजवळच्या फोर्ट जॉर्ज बेटावर राहायची. जलविद्युत प्रकल्प आला आणि १९८०-८१ च्या सुमारास अख्खं गाव आत हलवलं गेलं.

सगळा वेळ एकाच प्रश्नावर गेला: अभ्यासक्रम कोणासाठी? मी धरून चालले होते की ज्यांना भाषा येत नाही त्यांच्यासाठी. दोन्ही बाईंचं म्हणणं वेगळं. गावात क्री बोलणारे भरपूर आहेत. आजी-आजोबा लिपी वाचतात, कारण प्रार्थनेची पुस्तकं तिच्यातच. लहान मुलंही वाचतात, कारण १९७५ च्या जेम्स बे करारानंतर क्री लोकांचं स्वतःचं शालेय मंडळ उभं राहिलं आणि १९९० च्या दशकापासून सुरुवातीच्या इयत्तांत क्रीतून शिकवायला लागले. अडकली ती मधली पिढी. तिची शाळा इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये झाली; त्यातल्या वयाने मोठ्या लोकांपैकी अनेकांची तर फोर्ट जॉर्जच्या निवासी शाळांत, जिथे स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. ही माणसं अस्खलित बोलतात, पण मुलाच्या वहीतलं पान त्यांना वाचता येत नाही.

तेव्हा ठरलं: विद्यार्थी प्रौढ, भाषा येणारा, लिपी न येणारा. शब्दांचे अर्थ सांगायची गरज नाही. माझ्या आराखड्यातले निम्मे धडे तिथेच बाद झाले.

२२ जानेवारी

लिपीचा तक्ता समोर घेऊन बसले. बाराखडीवर वाढलेल्या माणसाला तो लवकर कळतो, पण त्याची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे. व्यंजनाला एक आकार, आणि तो आकार कोणत्या दिशेला वळला आहे त्यावरून स्वर. 'प' म्हणजे साधा कोन: टोक वर असेल तर पि, उजवीकडे असेल तर पु, डावीकडे असेल तर प, खाली असेल तर पे. 'त' म्हणजे घोड्याच्या नालेसारखा आकार, त्याची फुगीर बाजू बघायची, दिशा त्याच. नुसत्या स्वरांना त्रिकोण. 'क', 'च', 'म', 'न' यांचे आकार मात्र गोल फिरत नाहीत, आरशात उलटतात. मूळ अक्षर आणि त्याला लागलेली मात्रा असा प्रकारच नाही. सगळी वळणं सारख्या मानाची.

नुसतं व्यंजन लिहायचं असेल तर अकाराचं चिन्ह बारीक करून वरच्या बाजूला लिहितात. ही पूर्वेकडची पद्धत. पश्चिमेकडे, म्हणजे सस्कॅचवान-अल्बर्टाकडच्या मैदानी क्रीत, त्यासाठी निराळ्याच बारीक रेघा आहेत. 'व' दाखवायला एक टिंब: पूर्वेकडे चिन्हाच्या आधी, पश्चिमेकडे नंतर. इंटरनेटवर सापडणारे बहुतेक तयार तक्ते पश्चिमेचे आहेत, त्यामुळे आयतं काही उचलता येणार नाही.

प-ब, त-द, क-ग या जोड्यांनी क्रीत अर्थ बदलत नाही, म्हणून दोघांना एकच चिन्ह. 'चिसासिबी'तला ब नकाशावाल्यांचा.

४ फेब्रुवारी

खरी मेख आज समोर आली. दीर्घ स्वर असेल तर चिन्हाच्या डोक्यावर एक टिंब द्यायचं, असा नियम आहे. 'निपी' म्हणजे पाणी, 'नीपी' म्हणजे झाडाचं पान. पहिल्या चिन्हावर टिंब नसेल तर पाणी, असेल तर पान. शाळेची पुस्तकं टिंबं देतात. जुनी धार्मिक पुस्तकं, जुनी पत्रं बहुतांशी देत नाहीत. म्हाताऱ्या माणसांचं त्यावाचून काहीही अडत नाही.

धाकट्या बाई शाळेत शिकवतात. त्यांच्या मते टिंबाशिवाय शिकवणं म्हणजे अर्धवट शिकवणं. थोरल्या बाई गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, "माझ्या आईची पत्रं माझ्याकडे आहेत. त्यात एकही टिंब नाही. ती चुकीची लिहिली आहेत असं या अभ्यासक्रमात कुठे म्हटलं, तर मी यात नाही."

निर्णय पुढे ढकलला.

१९ फेब्रुवारी

फॉन्ट आणि युनिकोड. कॅनडातल्या या सगळ्या लिप्यांना (क्री, ओजिब्वे, इनुक्टिटुट वगैरे) युनिकोडमध्ये १९९९ साली, ३.० या आवृत्तीत एकत्र जागा मिळाली. त्याआधी जो तो आपापला फॉन्ट वापरायचा: कळ दाबली इंग्रजी अक्षराची, दिसलं क्री चिन्ह. श्रीलिपीतल्या जुन्या फायली उघडताना ज्यांनी डोकं धरलं आहे त्यांना जास्त सांगायला नको. बाईंकडे अशा धड्यांचा मोठा साठा आहे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते नुसते इंग्रजी अक्षरांचे ढीग दिसतात. रूपांतराचा तक्ता हाताने करायला घेतला आहे.

युनिकोडमध्येही गमती आहेत. देवनागरीत 'क' वेगळा आणि मात्रा वेगळी साठवली जाते. इथे प्रत्येक वळणाला स्वतंत्र क्रमांक, आणि टिंबासकट चिन्हालाही स्वतंत्र. 'प' आणि 'पा' संगणकाच्या लेखी दोन परके जीव. टिंब काढून टाका असं सांगितलं तरी त्याला काढता येत नाही. त्याउलट 'व'चं टिंब दोन प्रकारे लिहिता येतं: सुटं टिंब अधिक चिन्ह, किंवा दोन्ही मिळून एकच तयार चिन्ह. दिसायला तेच, शोधायला गेलं की एक सापडतं आणि दुसरं नाही. आपल्या साठ्यात सगळीकडे सुटं टिंबच ठेवायचं, असं ठरवून टाकलं.

आणखी एक. काही चिन्हं इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात. 'क' हुबेहूब लहान बी, 'कु' म्हणजे लहान डी, 'म' म्हणजे एल. कळफलक हाताशी नसला की लोक सरळ इंग्रजी अक्षरं दाबतात. 'प' तर गणितातलं 'पेक्षा लहान'चं चिन्ह. एका शिक्षिकेने पाठवलेल्या मजकुरातली कितीतरी वाक्यं वेबपानावर अर्धीच उमटत होती. ब्राउझरला तिथे एचटीएमएलची खूण सुरू झाल्यासारखी वाटे आणि पुढचं सगळं तो गिळून टाके.

६ मार्च, चिसासिबी

ध्वनिमुद्रणासाठी आले आहे. मॉन्ट्रियलहून एअर क्रीबेकचं विमान. ही कंपनी क्री लोकांचीच. रस्त्यानेही येता येतं, मातागामीपासून बिली डायमंड महामार्गाने, पण मार्चमध्ये इतके तास गाडी हाकायची माझी तयारी नव्हती. गावात चौकातल्या 'थांबा'च्या पाट्यांवर सिलॅबिक्स, म्हणजे हीच लिपी, आहे. पहिल्या धड्याचे फोटो तिथेच मिळाले.

मुद्रण शाळेच्या ग्रंथालयात. बाहेर स्नोमोबाइल गेली की थांबायचं, खोली तापवणाऱ्या यंत्राचा आवाज आला की थांबायचं. बोलणाऱ्या तीन स्त्रिया आणि एक माजी शिकारी. कागदपत्रं आधी झाली: आवाज ज्याचा त्याचा, मूळ फायली गावात राहणार, माझ्याकडे फक्त अभ्यासक्रमापुरती प्रत, आणि दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायच्या तर पुन्हा विचारायचं. मानधन त्याच दिवशी. इथल्या लोकांकडून पूर्वी बरंच काही ध्वनिफितींवर नेलं गेलं आणि गावात परत आलं नाही, त्यामुळे ही कलमं कोणी वरवर वाचली नाहीत.

ऐकताना एक अडचण कळली. सहज बोलताना ऱ्हस्व स्वर इतके दबतात की ऐकूच येत नाहीत. ऱ्हस्व 'अ' होता की 'इ', हे नुसत्या कानाने ठरत नाही. लिहिताना मात्र चिन्ह कोणत्या तरी एका दिशेला वळवावंच लागतं. माणूस अस्खलित असला तरी तिथे थबकतो. मग काय करायचं? थोरल्या बाई म्हणाल्या, शब्दाला प्रत्यय लावून बघायचा, किंवा तोच शब्द हळू, लहान मुलाला सांगतो तसा म्हणून बघायचा; गेलेला स्वर परत येतो. म्हणून प्रत्येक शब्द दोनदा मुद्रित केला, एकदा चालीत आणि एकदा सावकाश. हे आमच्या आराखड्यात कुठेच नव्हतं आणि आता सगळ्या लेखनसरावांचा पाया तेच आहे.

शिकाऱ्याने हंसाच्या शिकारीची एक हकीकत सांगितली, बीव्हरच्या सापळ्याची दुसरी. वाचनपाठासाठी अशाच हकीकती घ्यायच्या. परंपरागत कथा धड्यात घालायच्या नाहीत. त्या कधी आणि कोणी सांगायच्या याचे संकेत आहेत, आणि दिवसाचे चोवीस तास उघडं राहणारं वेबपान त्यात बसत नाही. हे बाईंनी ठरवलं, मी फक्त नोंद केली.

८ मार्च, चिसासिबी

थोरल्या बाईंच्या मावशीकडे गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्यापुढे एकच मजकूर दोन प्रकारे छापून ठेवला, टिंबांसह आणि टिंबांशिवाय. बिनटिंबांचा त्यांनी भराभर वाचला. टिंबांचाही वाचला, पण मध्येच कागद झटकला. त्यांना वाटलं छपाईची शाई उडाली आहे.

बोलणारा माणूस वाक्याच्या ओघात शब्द ओळखतो. पाणी प्यायचं की झाडाचं पान प्यायचं, असा प्रश्न त्याला पडत नाही. आपल्याकडे मोडीत शेकडो वर्षं हेच चाललं: तिथे इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात, 'दिन' आणि 'दीन' एकाच वळणाने लिहिले जातात, आणि दफ्तरातल्या कारकुनाचं त्यावाचून कधी अडलं नाही. अडतं ते आज मोडी शिकायला बसलेल्याचं. म्हणजे टिंब लागतं ते भाषा न येणाऱ्याला. आमचा विद्यार्थी भाषा येणारा आहे. पण तो लिहिणार कोणासाठी? बहुधा आपल्या मुलांसाठी, नातवंडांसाठी, आणि त्यांच्यातल्या सगळ्यांना भाषा तितकी येईलच असं नाही.

बैठकीत मी हेच मांडलं. वाचायला दोन्ही शिकवू, आधी टिंबांसह आणि मग टिंबांशिवाय. लिहायला टिंबांसह शिकवू. आणि जुन्या लेखनाला 'अपूर्ण' किंवा 'अशुद्ध' हे शब्द कुठेही वापरायचे नाहीत. 'साधं लेखन' म्हणायचं. धाकट्या बाईंना ते पूर्ण पटलेलं नाही. थोरल्या बाईंनी आईचं एक पत्र वाचनपाठासाठी देऊ केलं.

१० एप्रिल

कळफलक. फर्स्टव्हॉइसेसचं मोफत अॅप आहे, कीमनही आहे. दोन्हींत पूर्वेकडची क्री मिळते. पण संगणकावरचा सोयीचा प्रकार रोमन लिपीतून चालतो: रोमन स्पेलिंग दाबा, क्री चिन्ह घ्या. भाषा-अभ्यासकाला तेच आवडतं, मलाही सोपं वाटतं (मराठी मी तशीच टंकते). ज्याला क्रीचं रोमन लेखन कधी शिकवलंच नाही त्याने काय करायचं? एक लिपी शिकण्यासाठी आधी दुसरी शिकायची, हा उलटा कारभार झाला.

म्हणून पानावरच एक पाटी बनवली. आधी आकार दाबायचा, मग चार बाजूंच्या बाणांपैकी एक. टिंबाला वेगळी कळ. टंकायला सावकाश आहे, भाषा-अभ्यासक कुरकुरले, पण तक्त्याची रीत बोटांत बसते. रोमन पर्याय कोपऱ्यात ठेवला आहे, ज्याला हवा त्याने उघडावा.

फोनवर टिंबांचं वेगळंच रडगाणं. बारीक अक्षरात डोक्यावरचं टिंब चिन्हाला चिकटतं आणि 'व'चं टिंब मागच्या शब्दाचं वाटतं. अक्षराचा किमान आकार वाढवला, दोन चिन्हांमधली जागा वाढवली. पान लांब झालं तर होऊ दे.

५ मे

गूस ब्रेक. हंस उत्तरेकडे परततात, शाळा बंद, गाव रानात. ई-मेलला उत्तर येणार नाही हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. प्रकल्पाचं वेळापत्रक पाठवलं होतं ओटावातल्या कचेरीने, त्यात नेमकी या आठवड्यात 'मध्यावधी आढावा' अशी नोंद होती. आढावा जूनमध्ये.

१७ जून

पहिली चाचणी संपली. दहा-बारा जण, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. आकार आणि दिशा अपेक्षेपेक्षा फार लवकर आल्या. भाषा येणाऱ्याला तक्ता अवघड नाहीच, हे बाई पहिल्यापासून सांगत होत्या. 'क' आणि 'कु' मात्र सगळ्यांचे उलटसुलट होतात, कारण डोळ्यांना इंग्रजी बी आणि डी दिसतात. त्यासाठी वेगळा सराव लागेल.

लोक खरे थांबले ते तिसऱ्या धड्यात. तिथे मी 'ऐका आणि लिहा' असा सराव ठेवला होता. त्याआधी त्यांना एक वेगळीच गोष्ट करायची होती: स्वतःचं नाव लिहायची. बऱ्याच जणांची नावं इंग्रजी किंवा फ्रेंच, त्यात र, ल असे इथल्या क्रीत मुळात नसलेले ध्वनी. त्यासाठी तक्त्याच्या तळाशी परक्या शब्दांकरता जास्तीच्या ओळी आहेत. आम्ही त्या शेवटच्या धड्यात टाकल्या होत्या. आता दुसऱ्या धड्यात आणल्या. एका बाईने नाव लिहून पानाचा फोटो काढला आणि घरी पाठवला, मगच पुढे सरकली.

एकाने अर्ध्यावर सोडलं. शाळेतल्यासारखं वाटतं, म्हणाला. कारण विचारलं नाही. गुणांचे आकडे, तारे, लाल फुल्या, वेळ मोजणारं घड्याळ, सगळं काढून टाकलं.

२ जुलै

लिपीच्या इतिहासाचा धडा. छापील हकीकत अशी: जेम्स इव्हान्स नावाच्या मेथडिस्ट मिशनऱ्याने १८४० मध्ये नॉर्वे हाउस इथे (आजच्या मॅनिटोबात) ही लिपी बसवली. त्याआधी ओजिब्वे भाषेसाठीही त्याने लेखनपद्धत करून पाहिली होती, पण तिला मान्यता मिळाली नाही. छपाईचं सामान नव्हतं. चहाच्या पेट्यांतला शिशाचा पत्रा वितळवून खिळे पाडले, काजळी आणि माशाच्या तेलाची शाई केली, फरचे गठ्ठे दाबायच्या यंत्राचा छापखाना केला. पुढे १८५१ मध्ये मूस फॅक्टरी या ठाण्यावर आलेल्या मिशनरी जॉन हॉर्डनच्या काळात जेम्स बेच्या बाजूला छापील पुस्तकं वाढली. पण लिपी पसरली ती मुख्यतः माणसाकडून माणसाकडे, तळावरून तळावर, मिशनऱ्यांच्या पुढे धावत.

क्री लोकांची हकीकत निराळी आहे. मैदानी क्री परंपरेत ही चिन्हं कॉलिंग बॅजर नावाच्या माणसाला आत्म्यांच्या लोकातून मिळाली आणि त्याने ती लोकांना शिकवली. धड्यात दोन्ही शेजारी-शेजारी आहेत, समान लांबीच्या, खाली निकाल न देता. बाईंची अट होती आणि ती रास्त आहे.

इव्हान्सवर पिटमनच्या लघुलिपीचा प्रभाव होता, आणि काही अभ्यासकांच्या मते देवनागरीचाही. मला हे कळल्यावर घरच्या ग्रुपवर टाकायचा मोह झाला. दोन्हीकडचे आकार जुळवून दाखवणारे तक्तेही मिळतात. आकारांच्या साम्यावर माझा फारसा भरवसा नाही, ते हवं तिथे दिसतं. व्यंजन आणि स्वर मिळून एक घर, ही कल्पना त्याने कुठून घेतली असावी, हा प्रश्न मात्र खरा आहे. धड्यात याला एक वाक्य दिलं, त्याहून जास्त नको. चिसासिबीच्या माणसाला त्यात काय रस?

१२ ऑगस्ट

उत्तरं तपासणं. संगणक नुसतं 'बरोबर-चूक' जाणतो आणि आमच्याकडे टिंब चुकणं ही चूक नव्हे असं ठरलेलं. टिंब असलेल्या प्रत्येक चिन्हासमोर त्याचं बिनटिंबाचं चिन्ह मांडून एक तक्ता बनवला. आधी उत्तर जसंच्या तसं तपासायचं; जुळलं नाही तर दोन्ही बाजू बिनटिंबाच्या करून पुन्हा तपासायचं. मग जुळलं तर संदेश येतो, "साधं लेखन बरोबर. टिंबांसह असं दिसेल," आणि सावकाश उच्चार वाजतो. दीर्घ स्वर त्यात ठळक ऐकू येतो, माणूस आपणहून टिंब देतो.

दिशा चुकली असेल तर दबलेला ऱ्हस्व स्वर की सरळ घोटाळा, हेही ओळखायला शिकवलं आहे. ऱ्हस्व 'अ' आणि 'इ' यांची अदलाबदल असेल तर पुन्हा सावकाश उच्चार. बाकी काही असेल तर तक्ता उघडतो. धाकट्या बाईंनी अर्धा तास मुद्दाम चुकीची उत्तरं देऊन ते पाडायचा प्रयत्न केला. दोन ठिकाणी पडलं, दुरुस्त केलं. आता त्यांना 'साधं लेखन' हा शब्द खटकत नाही, निदान तक्रार तरी आली नाही.

२ ऑक्टोबर

उत्तरेकडची, म्हणजे चिसासिबीच्या बोलीतली, आवृत्ती गावात सुरू झाली. आता दक्षिणेकडची: मिस्टिसिनी, वास्वानिपी, वास्कागनिश या बाजूची. नुसते आवाज बदलून भागणार नाही. उत्तरेच्या बोलीत 'ए' हा स्वर दीर्घ 'आ'त मिसळून गेला आहे, त्यामुळे आमच्या तक्त्यात टोक खाली असलेला रकानाच नव्हता आणि पाटीवरचा खालचा बाण मी बंद ठेवला होता. दक्षिणेत 'ए' जिवंत आहे: रकाना घालायचा, बाण उघडायचा, तपासणीच्या तक्त्यात भर घालायची. 'ए'ला टिंब लागत नाही, तो नेहमी दीर्घच, हेही कुठेतरी सांगावं लागेल.

मिस्टिसिनीच्या शिक्षिकेशी आज पहिल्यांदा बोलणं झालं. शब्दांची यादी पाहून म्हणाल्या, यातले बरेच किनाऱ्यावरचे, आम्ही आतल्या तळ्यांकडचे लोक असं म्हणत नाही. यादी त्यांच्याकडे सोपवली. ध्वनिमुद्रण मूस ब्रेक (मूस हरणांच्या शिकारीची सुट्टी) संपल्यावर.